बातमी वर चढते कशी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



रोज शेकडो बातम्या येतात. त्यांतील एखादीच घरोघर पोहोचते, बाकीच्या जागच्या जागी विरून जातात. असे का व्हावे, याविषयी मी आज थोडे बोलणार आहे.

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काय छापायचे, हे संपादक ठरवतात. अमेरिकेत २००४ साली डिग आणि २००५ साली रेडिट ही संकेतस्थळे निघाली, तेव्हा ते काम वाचकांच्या हाती आले. वाचकांनीच बातमी आणून ठेवायची, आणि वाचकांनीच तिला अनुकूल वा प्रतिकूल मत द्यायचे. मते वाढली की बातमी वर चढते. लोकशाहीच म्हणा ना!

पण या लोकशाहीत सर्व मतांचे वजन सारखे नसते. रेडिटने पूर्वी उघड केलेल्या सूत्राप्रमाणे पहिली दहा मते पडली की बातमी एक पायरी चढे. दुसऱ्या पायरीसाठी एकूण शंभर मते लागत आणि तिसरीसाठी हजार! शिवाय साडेबारा तास उशिरा आलेल्या बातमीला ताजेपणाची एक पायरी आपोआपच मिळे. म्हणजे खरे वजन पहिल्या चार हातांचे.

२०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशाच एका संकेतस्थळावर वाचकांच्या काही अभिप्रायांना, गुणदोष न पाहता, संशोधकांनी एकेक अनुकूल मत देऊन ठेवले. त्यांचे अखेरचे गुण सरासरीने २५ टक्के अधिक भरले. एकीने मान डोलावली की दुसरीही डोलावते, तसाच हा प्रकार. उगाच दिलेले प्रतिकूल मत मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढले.

दुसरे कारण आपल्या मनात आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे सात हजार लेखांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. विस्मय, संताप किंवा काळजी वाटायला लावणारे लेख लोकांनी एकमेकांना अधिक धाडले. नुसते दुःख देणारे कमी. खोट्या बातमीला तर नवलाईची जोड असते. ट्विटरच्या २०१८ सालच्या अभ्यासात आढळले, की दीड हजार माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. आणि हे यंत्रांनी नव्हे, माणसांनीच केले होते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. त्याच २०१८ सालच्या १ जुलैला आपल्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्यांची ती अफवा फोनवरून हातोहात पसरली होती. आईच्या काळजाला हात घालणारी बातमी सर्वांत वेगाने धावते, हे आपण आयांनी तरी ओळखायला हवे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. बातमी वाचून छातीत धडधडले, तर तेवढ्यासाठीच ती पुढे पाठवू नका. कुठली, केव्हाची, कोणी सांगितली, एवढे आधी विचारा. आणि लसीकरणाची तारीख, पाणी बंद राहण्याचा दिवस, शिष्यवृत्तीची मुदत अशा साध्या, खऱ्या बातम्यांना मात्र पहिला हात आपण द्या. त्यांना नवलाई नसते. त्यांना आपलीच गरज असते.