सिलिंडरशेजारची चूल

बारामती, इंदापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर आजही बऱ्याच स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी आणि चूल शेजारीशेजारी नांदतात. बाजरीची भाकरी चुलीवरची, चहा गॅसवरचा. मला काळजी वाटते ती या शेजाराची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यापर्यंत, देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचतो. म्हणून चूल दुसरीकडे हलवा. सिलिंडर नेहमी उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. वास आला, तर दिव्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळी उडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारंखिडक्या उघडा, बाहेर या आणि मगच १९०६ क्रमांकावर फोन लावा. सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवरची तपासणीची मुदत पाहा. इंग्रजी सी आणि २८ असेल, तर ती सप्टेंबर २०२८ पर्यंत.

मायक्रोवेव्हचं थोडक्यात. भिगवणच्या माशांचं कालवण उरलं, तर ते स्टीलच्या डब्यातून आत ठेवू नका. धातूमुळे ठिणग्या उडतात. काचेचं किंवा चिनी मातीचं, सोनेरी काठ नसलेलं भांडं घ्या. सबंध अंडं तर मुळीच नको, ते फुटतं. आतून धूर दिसला, तर दार बंदच ठेवा आणि प्लग काढा.