मनोऱ्याच्या गावी

(टी. नगर, चेन्नई येथे मराठी व तमिळ वाचकांपुढे दिलेले व्याख्यान)



अनुवादकाला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो बहुधा आपल्या अडचणी सांगतो. मी आज माझी एक चूक सांगणार आहे. ती छापून गेलेली चूक आहे. तिचा उलगडा होण्यासाठी मला एका लहानशा, निवांत गावी जावे लागले. त्या गावाची हकीकत हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका तमिळ शेतकऱ्याच्या आठवणींचा मराठी अनुवाद केला. लेखक तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. अनुवादाचे काम माझ्याकडे आले तेव्हा ते हयात नव्हते, त्यामुळे शंका विचारण्याची सोय नव्हती. शब्दकोश हाताशी होते, इथल्या शेजाऱ्यांची मदत होती आणि माझे बालपण श्रीवर्धनला, नारळी-पोफळीच्या वाडीत गेलेले होते. समुद्रकाठची शेती मला नव्याने शिकण्याची गरज नाही, असे मी धरून चालले. पुस्तक निघाले, वाचकांनी ते गोड मानून घेतले. मग एके दिवशी आमच्याच रस्त्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक पुस्तक घेऊन घरी आले. त्यांचे घराणे तंजावरच्या मराठ्यांपैकी. घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली त्यांची मराठी आपल्या कानांना जुनी आणि थोडी निराळी लागते. ते म्हणाले, "ताई, पुस्तक चांगले झाले आहे, पण त्यातला समुद्र आमच्याकडचा नव्हे. आणि माडही नव्हेत."

अधिक काही ते बोलले नाहीत. "जाऊन या," एवढेच म्हणाले.

2024 च्या फेब्रुवारीत मी गेले. एग्मोरहून तंजावरला रात्रीची गाडी जाते, तिचे नाव 'उळवन', म्हणजे शेतकरी. तंजावरहून बसने ओरत्तनाडुमार्गे पट्टुकोट्टै आणि तेथून दुसऱ्या बसने समुद्राकडे मल्लिपट्टिनम्. ओरत्तनाडूला दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र आहे. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न आणि आसरा मिळे. आणखी पुढे किनाऱ्यावर सेतुबावाछत्रम् नावाचे गाव लागते. त्या नावातला 'बावा' मराठी कानाला चटकन ओळखू येतो. 1676 च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावरला स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये संपले, तरी त्याच्या खुणा या रस्त्याच्या कडेने अजून उभ्या आहेत.

तंजावर सोडल्यावर सांबा हंगामाच्या भाताची कापलेली खाचरे दिसत होती. पुढे खाचरे विरळ होत गेली आणि माडांची बने सुरू झाली. हा मुलूख कावेरीच्या जुन्या फाट्यांवर पोसलेला नाही. मेट्टूर धरणाबरोबर 1934 च्या सुमारास कल्लणैहून काढलेल्या मोठ्या कालव्याने येथे पाणी आणले. त्या कालव्याला लोक 'पुदु आरु' म्हणतात, म्हणजे नवी नदी. नव्वद वर्षे झाली, तरी ती त्यांच्या बोलण्यात अजून नवीच आहे.

मल्लिपट्टिनमजवळच्या ज्या गावी मी उतरले त्याचे कागदोपत्री नाव शरभेंद्रराजन्‌पट्टिनम्. सरफोजी हे नाव संस्कृताच्या वळणाने 'शरभेंद्र' झाले आणि त्याला तमिळ 'पट्टिनम्' जोडले गेले. परंतु हे लांबलचक नाव मी बसमध्ये एकाच्याही तोंडून ऐकले नाही. वाहक दारात उभा राहून ओरडत होता, "मनोरा, मनोरा!"

समुद्राकडे जाताना माझे कान सवयीने काहीतरी शोधत होते. श्रीवर्धनला समुद्र दिसण्यापूर्वी ऐकू येतो. त्या अखंड घुमणाऱ्या आवाजाला आपण गाज म्हणतो. येथे मी माडांच्या बनातून बाहेर आले, समोर पाणी पसरलेले होते, आणि आवाज नव्हता. पाल्कची ही सामुद्रधुनी उथळ आहे. पलीकडे श्रीलंका आडवी पडली असल्याने मोठ्या लाटा येथवर फारशा पोचत नाहीत. काठावर चिखल होता, त्यात होड्या टेकलेल्या होत्या, आणि पाणी तळ्यासारखे हलत होते. त्या पाण्याखाली सागरी गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर समुद्रगाय चरते. तिच्या रक्षणासाठी 2022 च्या सप्टेंबरात या किनाऱ्यालगतचे सुमारे 448 चौरस किलोमीटरचे क्षेत्र राखीव म्हणून जाहीर झाले. निवांत असला, तरी हा समुद्र भरलेला आहे.

माझ्या अनुवादात मात्र लेखक रात्री अंगणात पडून 'समुद्राची गाज' ऐकत होते. मूळ तमिळ वाक्यात समुद्राचा आवाज एवढाच मोघम उल्लेख होता. त्यांनी ऐकला असेल तो होड्यांचा, वाऱ्याचा, माणसांच्या हाकांचा आवाज. मी तेथे श्रीवर्धनचा समुद्र नेऊन ओतला होता. शब्द सुंदर होता, मराठी होता आणि खोटा होता.

गावाला ज्याच्यामुळे नाव मिळाले तो मनोरा समुद्राच्या अगदी काठी आहे. षट्कोनी, आठ मजली, सुमारे 75 फूट उंच, भोवती तट. सरफोजीराजे गादीवर होते 1798 ते 1832 पर्यंत. त्यांपैकी 1799 नंतर राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व मान तेवढा उरला. त्या काळात त्यांनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. आणि येथे, या निर्जन किनाऱ्यावर, नेपोलियनच्या पाडावाच्या आणि इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. इंग्रजी, मराठी, तमिळ, तेलुगू यांसह अनेक भाषांत तोच मजकूर तेथे कोरलेला आहे. अनुवादकाने ज्याला नमस्कार करावा असे ते स्थळ आहे!

पुष्कळ ठिकाणी हा मनोरा वॉटर्लूच्या लढाईचे स्मारक म्हणून सांगितला जातो. परंतु लेखावर साल आहे 1814. नेपोलियनने त्या साली राज्यत्याग केला खरा, पण 1815 च्या मार्चमध्ये तो एल्बा बेटावरून परतला आणि वॉटर्लू झाले त्या वर्षीच्या 18 जूनला. म्हणजे दगडावर पाडाव कोरला गेला, त्यानंतर पडलेला मनुष्य पुन्हा उभा राहिला होता. दगडावर कोरले म्हणून वाक्य पुरे होत नाही, हे मी तेथे उभी राहून शिकले.

त्याहून मोठी गोष्ट मला गावात कळली. लेखातील ते भारदस्त वाक्य गावातल्या कुणाला पाठ नाही, आणि असण्याचे कारणही नाही. दूरच्या सम्राटाच्या पराभवाशी या किनाऱ्यावरच्या माणसांचा संबंध तो काय? त्यांनी त्या सगळ्या खटाटोपातून एकच शब्द उचलला, मनोरा. मूळ अरबी-फारसीकडून आलेला, मराठीत रुळलेला हा शब्द आज त्यांच्या गावाचे नाव आहे. शब्द वस्तूपेक्षा चिवट असतात. आपण बसलो आहोत ते टी. नगर 1920 च्या दशकात मांबलमचे लांबच लांब तळे बुजवून वसवले गेले. तळे राहिले नाही, पण पश्चिम मांबलमच्या 'लेक व्ह्यू' रस्त्यावरून आपण अजून जातो-येतो. लोकांना जो शब्द रोज लागतो तोच ते जपतात.

आता माडांविषयी. मनोऱ्यापासून थोडे आत एका बनात एक वृद्ध जोडपे राहते. दुपारची वेळ होती. आजीबाई सावलीत बसून झावळ्या विणत होत्या. कोकणात त्याला झाप म्हणतात, तेथे कीट्रु. बोटांची चाल मात्र तंतोतंत माझ्या आजीची. मी जवळ बसून एक पाते दुमडू लागले, तशा त्या हसल्या आणि "ये अम्मा" म्हणाल्या. मी त्यांना पाट्टी म्हणू लागले. बनातली झाडे मला विजोड वाटली. काही उंच, जुनी. मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. आणि त्या जागांत सारख्या वयाची, पुरुषभर उंचीच्या जरा वर गेलेली तरणी झाडे. मी कारण विचारले. पाट्टींनी एकच शब्द उच्चारला, "कजा."

16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले. ते नाव श्रीलंकेने सुचवलेले, अर्थ हत्ती. तंजावर, नागपट्टिनम्, तिरुवारूर, पुदुकोट्टै या जिल्ह्यांतून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारा गेला आणि लक्षावधी माड आडवे झाले. ज्या समुद्राला गाज नाही, त्याच्याकडून गज आला.

भात बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. माडाचे तसे नाही. उंच जातीचा माड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी फळ धरतो आणि मग साठ-साठ वर्षे देत राहतो. जो पडतो तो आजोबांनी लावलेला असतो, जो लावायचा तो नातवासाठी. शिवाय पडलेली खोडे तशीच कुजू दिली तर त्यांत गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि तो नव्या रोपाचा कोंब पोखरतो. म्हणून रडत बसण्यालाही सवड नसते. आधी खोडे हलवावी लागतात.

वृद्ध गृहस्थ हे सारे हिशेबाने सांगत होते, किती खोडे, किती मजुरी, किती भरपाई. पाट्टी मध्येच म्हणाल्या की आमची एकशेवीस पिळ्ळै एका रात्रीत पडली.

पिळ्ळै म्हणजे मूल. तमिळमध्ये माडाच्या रोपाला 'तेन्नम्‌पिळ्ळै' म्हणतात, हे मला ठाऊक होते. कोशात ते आहे आणि माझ्या लेखकानेही तोच शब्द वापरला होता. मी त्याचे भाषांतर 'माडाची रोपे' असे केले होते. कोशाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. परंतु पाट्टी रोपांविषयी बोलत नव्हत्या. पन्नास-पन्नास फूट वाढलेल्या झाडांविषयी बोलत होत्या. लावले तेव्हा ते मूल होते आणि पडले तेव्हाही मूलच होते. त्या भागात एक म्हण आहे, तिचा भावार्थ असा की पोटच्या मुलाने अन्न दिले नाही तरी लावलेले मूल देईलच. माझ्या लेखकाने सबंध पुस्तकात 'पिळ्ळै' म्हटले होते ते या अर्थाने, आणि मी पानापानांवर त्या मुलांची रोपे करून टाकली होती.

मला लाज वाटली ती आणखी एका कारणाने. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनच्या वाड्या भुईसपाट झाल्या, त्यांत आमचीही. दूरध्वनी लागायला काही दिवस गेले. लागला तेव्हा काका एवढेच म्हणाले, "पोफळी गेल्या. माडही गेले." 'पडले' म्हणाले नाहीत, 'गेले' म्हणाले. घरातले माणूस जाते तेव्हा आपण जो शब्द वापरतो, तो. तो शब्द मी ऐकला होता, त्यावर रडलेही होते; आणि तरी लिहिण्याच्या टेबलाशी बसल्यावर मला कोश आठवला, काका आठवले नाहीत.

परत येताना मनोऱ्यापाशी मी पुन्हा थांबले. मला जपानच्या एका शिळेची आठवण झाली. तिच्याविषयी मी वाचलेले आहे, ती पाहिलेली नाही. इवाते प्रांतात अनेयोशी नावाचे समुद्राजवळचे लहानसे खेडे आहे. 1933 च्या त्सुनामीनंतर तेथे डोंगराच्या उतारावर एक शिळा उभारली गेली. या जागेच्या खाली घरे बांधू नका, असा तिच्यावरील मजकुराचा आशय. गावाने ते मानले. 11 मार्च 2011 रोजी भयंकर लाट आली ती त्या शिळेच्या अलीकडेच थांबली, आणि वरची घरे वाचली. राजाच्या शिळेवर दूरच्या विजयाची वार्ता आहे, ती अनेक भाषांत असूनही मुकी झाली. त्या खेड्याच्या शिळेवर एकाच भाषेत स्वतःच्या गावची गोष्ट आहे, आणि ती ऐकली गेली. याचे कारण भाषांची संख्या नव्हे. लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे दुःख एक होते, हे आहे.

मनोऱ्याच्या गावी गजाची शिळा नाही. तेथे ती आठवण पाट्टींच्या एका शब्दात आहे. तो शब्द मराठीत आणण्याची जबाबदारी माझ्यावर होती.

पुस्तकाची पुढील आवृत्ती निघाली तेव्हा मी दोन दुरुस्त्या केल्या. 'गाज' काढून टाकली. लेखक आता अंगणात पडून नुसता समुद्राकडून येणारा आवाज ऐकतात. आणि जेथे 'माडाची रोपे पडली' होते तेथे 'माडाची लेकरे गेली' असे केले. मुद्रिते तपासणाऱ्यांनी 'लेकरे' या शब्दाखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह केले होते. त्यांचे काही चुकले नाही. मीही तेच केले असते. मी त्या चिन्हाशेजारी 'असेच राहू द्यावे' एवढे लिहिले.

दुरुस्त आवृत्तीची एक प्रत मी त्या शिक्षकांना नेऊन दिली. त्यांनी ते पान काढले, वाचले आणि पुस्तक मिटून विचारले, "पाट्टींची नवी झाडे केवढी झाली?"

पाच वर्षांची झाली, असे मी सांगितले. आणखी एक-दोन वर्षांत फळ धरतील.