आता घरीच आहेस ना?
(बिलोली येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. चौतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, त्यातली बरीचशी ऑपरेटर म्हणून. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण गप्प राहायचं, असं ते काम. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होते. बोर्डावर दिव्यामागून दिवे लागत होते आणि ज्या गावांना लोक हाक मारत होते तिथून उत्तर येत नव्हतं. त्या रात्री कुणी मला विचारलं नाही की बाई, घरी सासूबाईंना चहा कोण देईल. कामावर असलेल्या बाईला निदान एवढं संरक्षण असतं. ते संरक्षण सुटल्यावर काय होतं, ते सांगायला मी आले आहे.

2019 च्या नोव्हेंबरात बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पन्नाशी पूर्ण केलेल्या कुणालाही अर्ज करता येत होता. 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर, म्हणजे विचार करायला एक महिना. देशभरातून 78 हजारांहून जास्त लोकांनी अर्ज भरले आणि 31 जानेवारी 2020 ला सगळे एकाच दिवशी घरी गेले. मी त्यातली एक. वय 56, नोकरीची चार वर्षं शिल्लक.

झालेल्या प्रत्येक वर्षाला 35 दिवसांचा पगार आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षाला 25 दिवसांचा, असा सानुग्रह रकमेचा हिशोब होता. आमच्या घरात तो हिशोब माझ्या आधी यजमानांनी केला, मग दिरांनी केला, मग मुलाने पुण्याहून फोनवर केला. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं. "आता घे, आईकडे बघायला कुणीतरी पाहिजेच की," असं हे म्हणाले. हे स्वतः शाळेत मास्तर, त्यांचीही दोन वर्षं राहिली होती. पण "कुणीतरी" म्हणजे कोण, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

खरं सांगायचं तर मलाही नोकरी सोडायची होती. ऑपरेटरचं काम केव्हाच संपलं होतं, खिडकीवर बसून बिलं घ्यायची राहिली होती. मला फिरायचं होतं. काशी, प्रयाग, जमलं तर कन्याकुमारी. तेव्हा मला ढकललं असं मी म्हणणार नाही. मी माझ्या कारणाने सही केली, घरच्यांनी त्यांच्या कारणाने करवून घेतली, आणि या दोन कारणांची गाठ पुढे पैशांवरून पडली.

फेब्रुवारीच्या शेवटी भविष्य निर्वाह निधीचे पैसे खात्यावर आले. आठ दिवसांत घरी पाहुण्यांची रीघ लागली. एकाने चारचाकीचं सांगितलं. विम्याचा एजंट तर नात्यातलाच. 56 व्या वर्षी मला दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी घ्यायला लावली. कागद घरी आल्यावर मी बारीक अक्षर वाचलं. पॉलिसी हातात पडल्यापासून 15 दिवसांत परत करता येते असं त्यात लिहिलं होतं (2024 पासून ही मुदत 30 दिवस आहे). मी ती परत केली. एजंट अजून आमच्याकडे जेवायला येत नाही. असो.

पोस्टात माझी एक जुनी मैत्रीण होती. तिने विचारलं, "ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकणार का?" मी म्हटलं, माझी साठी कुठे झाली? ती म्हणाली, निवृत्त झालेल्यांना 55 पासून चालतं, स्वेच्छानिवृत्तीचं असलं तरी. पण पैसे हातात आल्यापासून महिन्याच्या आत टाकावे लागतात. (2023 च्या नोव्हेंबरपासून ही मुदत तीन महिने झाली आहे. ज्यांच्या घरी निवृत्ती जवळ आली आहे त्यांनी एवढं लिहून घ्या.) आणि खातं निवृत्त झालेल्या व्यक्तीच्याच नावाने निघतं, जोडीदाराचं नाव दुसरं. घरी मी हा नियम सांगितला तेव्हा हे म्हणाले, "माझं पहिलं नाव लाव, काय फरक पडतो?" फरक पडत नव्हता तर आग्रह कशाला, हे मी तोंडावर बोलले नाही. नियम तसा आहे एवढंच म्हटलं. आपल्याला भांडता येत नाही तेव्हा नियमाचा कागद पुढे करता येतो, हे मी नोकरीतच शिकले होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ लाख टाकले. व्याज 8.6 टक्के, दर तिमाहीला 19,350 रुपये. 1 एप्रिलला दर 7.4 वर आला. तोवर टाळेबंदीही लागली होती. "बघू, विचार करू" करत महिना घालवला असता तर माझी तिमाहीही गेली असती आणि वयाची सवलतही.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

सानुग्रह रकमेचा पुढचा हप्ता आला तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजू लागले होते. एका मल्टिस्टेट पतसंस्थेत 12 टक्के मिळत होते. ठेवी गोळा करणारी बाई आपल्या बचत गटातली, बोलायला गोड. मी तीन लाख ठेवले. एवढ्यावर थांबले असते तर माझं मी भोगलं असतं. पण शेजारच्या अंगणवाडीताई निवृत्त झाल्या होत्या. त्यांना पेन्शन नाही. हातात आलेले एकरकमी पैसे हीच सगळी म्हातारपणाची सोय. त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही कुठं ठेवायलाव?" मी सांगितलं. त्यांनी 80 हजार तिथेच ठेवले. 2023 साली संस्थेला कुलूप लागलं.

बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, 2020 पासून. पतसंस्थेला ते लागू नाही. हे मला कुलूप लागल्यावर कळलं. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्याखाली गुन्हा नोंदला, मालमत्तेची यादी झाली, तारखा पडताहेत. अंगणवाडीताई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिमाहीच्या व्याजातून त्यांना काही द्यायला गेले तर घेतले नाहीत. "तुमचेबी गेलेच की," म्हणाल्या. आता आम्ही कुठे गेलो की त्यांचं तिकीट मी काढते. तेवढं मात्र घेतात.

प्रवासाचं सांगायचं राहिलं. एप्रिल 2020 च्या काशीयात्रेसाठी आम्ही तिघींनी एका यात्रा कंपनीकडे प्रत्येकी 18 हजार भरले होते. यात्रा रद्द झाली. पैसे परत मागितले तर "पुढच्या सहलीत वळते करू" असा कागद मिळाला. घरचे म्हणाले, सोडा, कुठे त्यांच्या नादी लागता. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधी समिती काढून लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं, तो ग्राहकाचाच प्रश्न होता. पण आपल्या स्वतःच्या पावतीची वेळ आली की आपण लगेच "जाऊ दे" म्हणतो. आम्ही जाऊ दिलं नाही. रजिस्टर पोस्टाने तीन पत्रं पाठवली, तिसऱ्यात ग्राहक मंचात जाऊ असं लिहिलं. दीड वर्षात तीन हप्त्यांत बरेचसे पैसे आले. आज 1915 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते, तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

रेल्वेत बायकांना 58 व्या वर्षापासून निम्मं भाडं होतं. मी त्याची वाट बघत होते. मार्च 2020 मध्ये ती सवलत बंद झाली आणि मी 58 ची झाले तेव्हा ती नव्हती. मग 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमचं फिरणं सुरू झालं. माहूर झालं. आमच्या बिलोलीशेजारी एक नायगाव आहे, ते रोजचंच. पण खंडाळा तालुक्यातलं सावित्रीबाईंचं नायगाव कुणी पाहिलं नव्हतं. 3 जानेवारीला चौघी तिथे जाऊन आलो. बासरला मात्र गंमत होते. सरस्वतीचं देऊळ आपल्याला जवळ, पण तेलंगणात. आपलं अर्धं तिकीट हद्दीपर्यंतच. आणि तिकडच्या बायका डिसेंबर 2023 पासून त्यांच्या बसमध्ये फुकट. हद्द ओलांडली की बोधनची बाई तिकीट न काढता बसते आणि आम्ही पुरे पैसे मोजतो. नदी तीच, मिरच्या खुडणारे हातही तसेच.

पण सवलतीने नुसतं भाडं कमी होतं, घरातून निघणं सोपं होत नाही. "आता घरीच आहेस ना?" हे वाक्य मी या पाच-सहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! घरीच आहेस तर नातवाला सांभाळ, घरीच आहेस तर पाहुण्यांचं बघ. सासूबाई 2022 साली गेल्या. त्यांचं मी मनापासून केलं, त्याची तक्रार नाही. यजमान निवृत्त झाले त्या दिवशी मात्र त्यांना कुणी असं विचारलं नाही. ते सकाळी फिरायला जातात, दुपारी वाचनालयात. पहिल्या नायगावच्या वेळी मी परवानगी मागितली होती. दुसऱ्या सहलीच्या वेळी फ्रिजवर तारीख लिहून ठेवली. दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजत होती, मग थांबली.

2023 मध्ये मी साठ पूर्ण केली आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाचा प्रश्न आला. म्हणजे पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे. 15 वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. त्याने सगळा भाग विकायला सांगितलं. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. त्या वयाला केंद्राच्या तक्त्यातला आकडा 8.194. म्हणजे दरमहा हजार रुपये विकले तर हातात 98,328 येतात आणि 15 वर्षांत 1,80,000 कापले जातात. ज्याच्यावर जड व्याजाचं कर्ज आहे त्याला हा सौदा परवडेल. माझ्यावर कर्ज नव्हतं. हप्ता मुलाचा आणि 75 वर्षांपर्यंत कपात माझी, हे मला पटलं नाही. मी विकली नाही. सहा महिने तो नीट बोलला नाही. सूनबाई मात्र एकदा हळूच म्हणाली, "आई, तो तक्ता मला पाठवून ठेवा." तिचीही नोकरी आहे.

पोस्टातली पाच वर्षं 2025 च्या मार्चमध्ये पुरी झाली. 8.2 टक्क्यांनी पुन्हा टाकले. या वेळी हे बरोबर आले, चष्मा विसरले म्हणून फॉर्म मीच वाचून दाखवला, आणि दुसऱ्या नावाच्या जागी त्यांनी सही केली.

इथे समोर बसलेल्या निम्म्याहून जास्त जणींना पेन्शन नाही, हे मला दिसतंय. शेतमजुरी करणारीला निवृत्तीच नाही. 65 ला श्रावणबाळचे महिना दीड हजार, तेही कागद जुळले तर. त्यांच्यापुढे व्याजाचे दर सांगताना मला संकोच होतो. पण अंगणवाडीताईंचे 80 हजार माझ्या तीन लाखांपेक्षा मोठे होते, म्हणून बोलले. येताना पासबुकं आणायला सांगितली होती. चहा झाला की काढा. कुणाचे पैसे कुठे आहेत, पहिलं नाव कुणाचं आहे आणि वारस म्हणून कुणाला लावलंय, एवढं आज बघून घेऊ. अंगणवाडीताई आणि मी मागच्या सतरंजीवर बसतो.