शीळ घालणारी जीप

काशीस कार्तिकी पौर्णिमेला देवदीपावलीचा उत्सव असतो. घाटांवर पणत्यांची आरास होते, ती नावेतून पाहण्यासाठी माणसे लोटतात. अशाच एका रात्री बंदोबस्ताच्या जीपमध्ये बसण्याचे काम मजकडे आले होते. गाडी दशाश्वमेधाच्या वरच्या रस्त्यावर उभी होती. खाली एक नाव वाजवीपेक्षा जास्त भरल्याचे कळले, तेव्हा मी बिनतारी यंत्रावरून हुकूम सोडला, 'नाव मत छोड़ो.' घाटावर तो पोचला 'नाव छोड़ो' असा! नावाड्याने आपल्याच अनुभवाने दोर सोडला नाही, एवढेच आमचे भाग्य. आपले मराठी 'नका' वाक्याच्या अखेरीस ठासून येते; हिंदीतील 'मत' मध्येच येऊन निघून जाते.

ते गेले कुठे? आमच्या गाडीत तर येणारा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. दोष जाणाऱ्या आवाजात होता, आणि असा दोष बोलणाऱ्याच्या कानी कधीच पडत नाही. दुसऱ्या दिवशी घाटावरच्या शिपायाने सांगितले, की साहेबांच्या बोलण्यामागे सारखी शीळ वाजत होती.

'शीळ' हा शब्द ऐकताच आमच्या यंत्रज्ञाने निम्मे निदान केले. दुसरे यंत्र घेऊन तो दूर उभा राहिला व मला बोलता बोलता एंजिनाचा वेग वाढवावयास सांगितले. वेगाबरोबर शीळ चढली, वेग उतरताच तीही उतरली. म्हणजे ती अल्टरनेटरची, एंजिनाबरोबर फिरून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची. शिळेऐवजी तडतड असती, तर संशय ठिणगीवर गेला असता. मार्कोनीने आपले आरंभीचे बिनतारी संदेश ठिणगीनेच धाडले होते. त्या हिशेबाने पेट्रोलचे प्रत्येक एंजिन हे नकळत चालणारे एक प्रक्षेपण केंद्रच होय. डिझेलच्या जीपला स्पार्क प्लग नसतो, म्हणून तो प्रश्न मिटला. (2021 पासून काशीच्या नावांना डिझेलऐवजी सीएनजीची एंजिने बसू लागली आहेत. गंगेवर धूर कमी झाला. पण या एंजिनांना ठिणगी लागते, हे नावेत यंत्र बसविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

येणाऱ्या आवाजात गोंगाट असेल, तर एरियलची तार काढून ऐकावे. गोंगाट राहिला, तर तो बहुधा विजेच्या तारेतून शिरतो. थांबला, तर एरियलमधून. एरियल काढून बोलू मात्र नये. यंत्र बिघडण्याची भीती असते.

आमच्या जीपमध्ये कोणी तरी यंत्राची तार सिगारेट पेटविण्याच्या खोबणीला जोडून दिली होती. यंत्रज्ञाने दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत नेल्या, बॅटरीजवळ फ्यूज घातला, एरियलच्या बैठकीखालचा गंज खरवडून काढला. शीळ गेली. मग माझ्याकडे वळून त्याने शांतपणे सांगितले, की मायक्रोफोन ओठांना चिकटवू नये, चार बोटे दूर धरावा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबावे, नाही तर पहिले अक्षर कापले जाते.

ही दुरुस्ती मात्र मी स्वतः केली : आता हुकूम 'नाव रोको' असा जातो, आणि घाटावरचा शिपाई तो मला पुन्हा म्हणून दाखवितो.