मोडींत निघालेली गाडी आणि मागें उरलेला नंबर

१ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला पहिली एस्. टी. धांवली, आणि या जिल्ह्यांतील साध्या माणसाचा मोटारीशीं नित्याचा संबंध जडला. पुढें सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उसाच्या ट्रकांनीं व ट्रॅक्टरांनीं रस्ते भरून गेले. संगमनेर, कोपरगांव, राहुरीसारख्या गांवीं दारोदार स्कूटर आली व मागाहून चारचाकीही आली. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. गाड्यांवरील नगरचा १६ व श्रीरामपूरचा १७ हे आंकडे मात्र तेच राहिले. जी वस्तु एवढ्या संख्येनें येते, ती केव्हां तरी तेवढ्याच संख्येनें जावयाची. नवी गाडी दाराशीं आली कीं हार घालतात, पेढे वांटतात. तिला निरोप देण्याचा विधि मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो.

तो बहुधा असा उरकला जातो. अंगणांत एखादी जुनी मोटार चाकें बसलेल्या स्थितींत वर्षानुवर्षें पडलेली असते. एके दिवशीं भंगारवाला येतो, दोन-चार वेळां ‘परवडत नाहीं’ म्हणतो, रोख पैसे मोजतो आणि गाडी ओढून नेतो. ‘आतां यांचें काय करावयाचें?’ म्हणून घरधनी कागदपत्रेंही त्याच्याच हातीं देतात. अंगण मोकळें होतें. कायद्याच्या दृष्टीनें मात्र गाडी अजून त्यांचीच असते, आणि ती जिवंत असते!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५५ वें कलम सांगतें कीं, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानें १४ दिवसांच्या आंत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी-अधिकाऱ्यास तसें कळवावें व नोंदणीचें पुस्तक परत करावें. हें कलम पाळलें गेलें नाहीं, तर काय होतें? लोखंड जालन्यासारख्या ठिकाणच्या पोलादाच्या भट्टींत वितळून जातें, पण नंबर वितळत नाहीं. चोराला हवा असतो तो हा नंबरच. त्याच बनावटीची, त्याच रंगाची एखादी गाडी पळवून आणावयाची, तिच्या चासीवरील क्रमांक खरवडून मेलेल्या गाडीचा क्रमांक ठोकावयाचा, आणि जुनें पुस्तक दाखवून ती विकावयाची, असा हा धंदा आहे. अपघातांत चुराडा झालेली गाडी कागदांसह विकली जाते, तेव्हां तर त्याला आयतेंच साधन मिळतें. कारण अशी गाडी वयानें लहान असून तिचा नंबर बाजारांत चालण्याजोगा असतो.

याची झळ सरळमार्गी मालकाला कशी लागते, हें सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील एका निकालावरून ध्यानांत येईल. एक मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली, सरकारी नोंद मात्र कोणींच बदलून घेतली नाहीं. पुढें तिचा अपघात होऊन एका मुलाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी कोणाची? ज्याचें नांव नोंदणींत आहे त्याची, असें न्यायालयानें ठरविलें. ती मोटार मोडींतली नव्हती, हें खरें. पण नोंदणींतील नांवाला केवढें वजन आहे, हें त्यावरून कळतें.

या मोडीच्या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठीं केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२१ मध्यें वाहन मोडणाऱ्या केंद्रांचे नियम काढले. नोंदणी झालेल्या केंद्रानें प्रथम मालकी पडताळावी, गाडी चोरीच्या यादींत नाहीं हें पाहावें, मालकाला ठेव-प्रमाणपत्र द्यावें. मग तेल, बॅटरी व वातानुकूलनाचा वायु जपून काढावा, चासीचा क्रमांक कापून वेगळा करावा आणि शेवटीं गाडी मोडल्याचें प्रमाणपत्र द्यावें. त्या ठेव-प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी-फी माफ होते. शिवाय राज्याच्या वाहन-करांत सूट मिळते. खाजगी गाडीस तिची मर्यादा शेंकडा २५ व भाडोत्री गाडीस शेंकडा १५ अशी आहे. सरकारी गाड्यांना तर १५ वर्षांनंतर नोंदणीच वाढवून न देण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, आणि त्यांत एस्. टी. च्या बसगाड्याही आल्या.

नियम चांगले आहेत. अडचण आहे ती अंतराची. पाथर्डी किंवा अकोल्याच्या गृहस्थानें निकामी मोटार दूरच्या केंद्रापर्यंत ओढून न्यावी कशी? भंगारवाला दारीं येतो व रोख देतो. या दोन गोष्टींपुढें प्रमाणपत्राचें आकर्षण फिकें पडतें. म्हणून त्याला हुसकून लावण्यापेक्षां एखाद्या नोंदणीकृत केंद्राशीं जोडून घ्यावें, हेंच शहाणपणाचें. गाडी त्यानेंच उचलावी, पण पावती केंद्राची द्यावी. हातावर पोट असणाऱ्या या माणसाकडे चोर म्हणून पाहणें अन्यायाचें आहे. पुष्कळदां फसगत त्याचीच होते आणि पोलिसांचा फेरा प्रथम त्याच्याच दुकानावर येतो.

रोखीचा प्रश्न मात्र डोळ्याआड करतां येत नाहीं. इंग्लंड व वेल्समध्यें २०१३ च्या कायद्यान्वयें मोडीच्या धातूचे पैसे रोखीनें देण्यास बंदी आहे. चेक किंवा बँकेमार्फतच ते दिले पाहिजेत, म्हणजे विकणाराचें नांव मागें राहतें. जपानांत २००५ पासून अंमलांत असलेल्या कायद्यानें गाडी मोडण्याचा खर्च घेणाराकडून आरंभींच घेतला जातो. खेड्यापाड्यांतही लोक फोनवरून पैसे देऊं-घेऊं लागले आहेत. तेव्हां यांतील पहिली रीत आपल्याकडे अवघड जाऊं नये.

तोंपर्यंत ज्याच्या अंगणांत जुनी गाडी आहे, त्यानें तिच्यावर कर्जाचा बोजा किंवा कर थकला नाहीं ना, हें आधीं पाहावें, गाडी नोंदणीकृत केंद्रालाच द्यावी आणि पुस्तक अनोळखी माणसाच्या हातीं देऊं नये. ज्यानें ती पूर्वींच देऊन टाकली असेल, त्यानें नंबर, तारीख व घेणाराचें नांव आठवेल तेवढें लिहून परिवहन कार्यालयास कळवावें व अर्जाच्या प्रतीवर पोंच घ्यावी. चौदा दिवस केव्हांच उलटले असले, तरी कलमांत ‘शक्य तितक्या लवकर’ याला जागा ठेवलेली आहे.