परागंदा डॉक्टर



या देशाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, असे आनंदीबाई जोशींनी १८८३ साली भर सभेत सांगितले. शंभर वर्षांनी तीच निकड डॉ. सीमा समर यांना क्वेट्टा येथील अफगाण निर्वासितांत दिसली. हजारा जमातीच्या या बाई १९८२ साली काबूल विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. कम्युनिस्ट राजवटीने त्यांच्या पतीस धरून नेले. ते परतले नाहीत. लहानग्या मुलासह बाईंनी पाकिस्तान गाठले.

परपुरुषाने तपासू नये, हा दंडक निर्वासित स्त्रियांबरोबर सीमेपलीकडे आलाच होता. (दंडकांना पारपत्र लागत नाही!) १९८९ साली बाईंनी ‘शुहदा’ संस्था स्थापून स्त्रियांसाठी दवाखाना काढला. पुढे अफगाणिस्तानातही दवाखाने आणि मुलींच्या शाळा चालविल्या; तालिबानी अमलातसुद्धा. १९९४ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मोठी वाटते ती गोष्ट निराळी: मदत देणारी आणि घेणारी, दोघींचेही घर सुटलेले होते.

२००१ च्या डिसेंबरात त्या काबूलमध्ये महिला-व्यवहार मंत्री झाल्या. धमक्यांमुळे काही महिन्यांतच ते पद सुटले. त्यानंतर २०१९ पर्यंत मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. २०२१ साली तालिबान परतले, आणि बाईंची मायदेशाची वाट दुसऱ्यांदा बंद झाली.