लंगडणारी कोंबडी काय सांगते?



माणगाव तालुक्यात भातशेतीच्या जोडीला परसातील दहापाच कोंबड्या हा पूर्वापार चालत आलेला व्यवहार आहे. हे धन बहुधा घरातील स्त्रीच्या हातचे. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात, अडीअडचणीला एखादा कोंबडा विकला जातो. म्हणूनच कोंबडी लंगडू लागली, पंख ढिले सोडून कोपऱ्यात बसू लागली, की घरात काळजी शिरते. मग दोनच उपाय सुचतात. एक, ती कापून खाणे. दुसरा, मरण्यापूर्वी बाजारात विकून मोकळे होणे. या दोहोंच्या आधी करावयाचे काम म्हणजे कारण शोधणे.

लंगडणे हा स्वतः रोग नव्हे, ते लक्षण आहे. तेव्हा प्रथम पायाकडे न पाहता कळपाकडे पाहावे. आजारी एकच आहे की अनेक? शेजारच्या घरी काही मर झाली काय? गेल्या काही दिवसांत बाजारातून नवा पक्षी आणला काय? एकटीच लंगडत असेल आणि दाणे नीट टिपत असेल, तर कारण बहुधा तिच्या पायातच सापडते.

तिला रात्री खुराड्यातून अलगद उचलावे आणि कंदील किंवा विजेरीच्या उजेडात तळवा पाहावा. कुंपणाच्या करवंदीचा काटा किंवा काच रुतून तेथे गाठ येते, ती गरम लागते आणि वर काळी खपली धरते. पावसाळ्यात ओल्या, घाणीच्या जमिनीवर हा त्रास चिघळतो. ओळखीसाठी पिल्लाच्या पायाला बांधलेला दोरा पक्षी वाढल्यावर मांसात रुततो. असा दोरा पुष्कळदा खवल्यांखाली दिसतही नाही. खवलेच उचललेले, खरखरीत व पांढुरके असतील, तर त्यांच्याखाली सूक्ष्म किडे आहेत. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन काही आठवडे वारंवार खोबरेल लावल्यास ते गुदमरून मरतात. मात्र खुराडेही स्वच्छ केले पाहिजे.

पाय स्वच्छ असेल, तर आहार तपासावा. केवळ कोंडा व कणी यांवर राहिलेल्या, अंडी देणाऱ्या कोंबडीला चुना पुरत नाही. कवचासाठी लागणारा चुना ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि अखेर तिचे पाय लुळे पडतात. पातळ कवचाची अंडी ही त्याची आधीची सूचना होय. आपल्याकडे तिसऱ्यांचे शिंपले उकिरड्यावर जातात. तेच कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत. लहान पिल्लांची बोटे आत वळत असतील, तर ‘ब’ जीवनसत्त्वाची उणीव संभवते. अशा वेळी थोडे ताक व कोवळा पाला उपयोगी पडतो.

याच्या पलीकडील कारणे मात्र एका घराची राहत नाहीत. दोन ते पाच महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे व एक मागे ताणला गेला, खाणे चालू असूनही ती वाळत गेली, तर मॅरेक्स रोगाचा संशय घ्यावा. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. यावर उपचार नाही. लस आहे, परंतु ती उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लाला टोचतात. घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळत नाही.

पाय लुळे, मान पिळलेली, विष्ठा हिरवी व पातळ, श्वास घरघरता आणि एकामागून एक पक्षी आडवा, अशी स्थिती असेल तर राणीखेत, म्हणजेच मानमोडी, प्रथम मनात आणावी. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी हा तिच्यावरील प्रतिबंध. लस निरोगी पक्ष्याचे रक्षण करते. आजारी पक्ष्याला ती औषध ठरत नाही.

अशी मर बर्ड फ्लूचीही असू शकते आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील फरक ठरवता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो देशात प्रथम आढळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील उरण तालुक्यात, चिरनेर गावी. म्हणून मेलेला पक्षी उघड्या हातांनी धरू नये, घरी फाडू नये, ओढ्यात टाकू नये. आजारी पक्षी बाजारात नेणे म्हणजे रोग गावोगाव वाटणे होय.

येथे पंचायत सदस्यांचे कर्तव्य सुरू होते. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार, अशा रोगाचा संशय येताच पशुपालकाने ग्रामपंचायतीस कळवावयाचे आणि तेथून ती खबर लेखी स्वरूपात पशुवैद्यकापर्यंत पोहोचावयाची आहे. शिक्षक बंधुभगिनींनी विद्यार्थ्यांना एवढेच शिकवावे, की आधी कळप, मग तळवा, मग आहार आणि शेवटी दवाखाना. परंतु एकाहून अधिक पक्षी पडले, तर पहिली पायरी दवाखान्याचीच.

एका कोंबडीची किंमत थोडी वाटते. परंतु तिच्या लंगडण्याची वेळीच घेतलेली दखल साऱ्या वाडीची खुराडी वाचवू शकते, आणि त्या खुराड्यांवर अवलंबून असलेल्या माउलीचा हातखर्चही.